शहरात रोज चालवायच्या सायकलीसाठी चाकं बांधून घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रेम ठरली, हँडल ठरलं, आता चाकं राहिली, अशा टप्प्यावर आलेल्यांसाठी हे पान आहे. इथे धरलेली सायकल शर्यतीची नाही. रोज दहा ते पंचवीस किलोमीटर, मागे कॅरिअरवर लॅपटॉप आणि डबा, वाटेत खड्डे नि न रंगवलेले स्पीडब्रेकर, आणि वर्षातले चार महिने पाऊस. पुणे, ठाणे, नाशिक, कोल्हापूर किंवा पणजी, कुठेही थोड्याफार फरकाने हेच चित्र.

सुरुवात कुठून करायची? हब आधी घ्यायचा की रिम?

दोन्ही नाही, आधी टायर ठरवा. टायरवरून रिमची (चाकाच्या बाहेरच्या कड्याची) रुंदी ठरते, आणि फ्रेम व ब्रेकवरून हब (चाकाच्या मधला तुंबा) ठरतो. बहुतेक जण उलट करतात. ऑनलाइन स्वस्तात एक देखणा हब दिसतो, तो घेतला जातो, आणि घरी आल्यावर कळतं की फ्रेमच्या मागच्या दोन पाट्यांत १३५ मिमी जागा आहे नि हब १३० चा आहे.

फ्रेमवर तीन मापं घ्या. मागच्या ड्रॉपआउटच्या (एक्सल बसतो त्या खाचांच्या) आतल्या बाजूंमधलं अंतर, पुढच्या चिमट्याचं तेच अंतर (साधारण १०० मिमी), आणि टायर जिथे सगळ्यात जवळ येतो तिथली जागा. टायरच्या दोन्ही बाजूंना किमान ६ मिमी मोकळी हवी आणि मडगार्ड लावणार असाल तर त्याहून जास्त. लाल मातीचा चिखल टायरला चिकटून वर गेला की हे ६ मिमी कधी भरले ते कळतही नाही.

७०० सी, २८, २७.५, २६... नक्की कोणता आकार?

इंचांवर विश्वास ठेवू नका, टायरच्या कडेला छापलेला ईटीआरटीओ (टायर-रिमच्या मापांचं मानक) आकडा वाचा. ३७-६२२ म्हणजे टायर ३७ मिमी रुंद, आणि रिमवर ज्या गोलाईवर तो बसतो तिचा व्यास ६२२ मिमी. ७०० सी म्हणजे ६२२, २७.५ म्हणजे ५८४, माउंटन बाइकचा २६ म्हणजे ५५९.

आपल्याकडचा खास घोटाळा '२८'चा आहे. दुधवाल्यांच्या, पोस्टमनच्या जुन्या काळ्या सायकलीचं २८ x १ १/२ हे चाक ६३५ चं आहे, आणि हायब्रिडच्या टायरवर '२८' लिहिलेलं असलं तरी ते ६२२ असतं. नावं सारखी, व्यासात १३ मिमीचा फरक. एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही, कितीही टायर लिव्हर मोडले तरी. (बावीस इंची, चोवीस इंची हे त्या सायकलींच्या फ्रेमचं माप, चाकाचं नव्हे.)

नवीन बांधत असाल तर ६२२ घ्या. रिम, टायर आणि ट्यूब सहज मिळतात आणि खड्ड्यात मोठं चाक कमी आपटतं. उंची पाच फुटांच्या आसपास असेल आणि लहान फ्रेमवर पुढच्या चाकाला पाय घासत असेल, तर ५८४ सोयीचं.

टायर किती रुंद? हवा किती?

३५ ते ४२ मिमी. त्याहून बारीक टायरवर खड्ड्याची धार थेट रिमपर्यंत पोचते आणि ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. शेजारी-शेजारी अशी दोन भोकं दिसली की काटा शोधत बसू नका, हवा कमी होती.

७५ किलोचा माणूस आणि मागे पाचेक किलो सामान असेल तर ३७ मिमीच्या टायरला मागे ६० ते ६५ पीएसआय आणि पुढे ५० ते ५५ ठेवा. ४२ मिमीला दोन्हीकडे सुमारे दहाने कमी. कडेला छापलेला कमाल आकडा ही मर्यादा आहे, शिफारस नाही.

पंक्चररोधक थर हवाच. शहरात काचेपेक्षा जास्त त्रास देते ती फुटलेल्या ट्रकच्या टायरमधली केसाएवढी पोलादी तार. ती डोळ्यांना दिसत नाही. टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवला की जिथे धागा अडकतो तिथे ती सापडते. श्वाल्बेच्या मॅरेथॉन प्लसमध्ये ५ मिमी जाडीचा रबरी थर असतो, ही तार सहसा त्यातून आरपार जात नाही. टायर जड आहे आणि बसवताना अंगठे दुखतात, पण ऑफिसला वेळेवर पोचायचं असेल तर तो भार परवडतो.

रिम निवडताना काय बघायचं?

दुहेरी भिंतीची अ‍ॅल्युमिनियम रिम, आतली रुंदी १९ मिमीच्या आसपास. या रुंदीवर ३२ ते ४७ मिमीचे टायर निर्धास्त बसतात. निपलच्या (स्पोकाच्या टोकाला लागणाऱ्या नटाच्या) भोकांना धातूची आयलेट (कडी) असेल तर उत्तम, नसेल तर भोकाभोवतीची भिंत जाड आहे ना ते बघा.

क्रोम केलेली स्टीलची रिम घेऊ नका. दिसायला चकचकीत, पण ओली झाली की रबरी ब्रेक तिच्यावर नुसते घसरतात. पावसात सिग्नलच्या पुढे जाऊन थांबायचं असेल तरच.

रिम ब्रेक वापरणार असाल तर झीज दाखवणारी खाच किंवा ठिपका असलेली रिम घ्या. पावसाळ्यात ब्रेकच्या रबरात वाळूचे कण रुततात आणि ते कानशीसारखं काम करतात. ब्रेक लावताना खरखर आली की चाक काढा, रबरात चमकणारे कण सुईने उकरून काढा. बाजूची भिंत आतल्या बाजूला वाटीसारखी झाली की रिम बदलायचीच. पातळ झालेली भिंत हवेच्या दाबाने फाटते, आणि फाटते ती चालत्या सायकलीवर.

३२ भोकं की ३६?

पुढे ३२, मागे ३६. एकूण वजन (माणूस अधिक सामान) ७० किलोच्या आत असेल तर दोन्हीकडे ३२ चालतात. चार स्पोकांनी वजन वाढतं ते पंचवीस-तीस ग्रॅम. त्याच्या बदल्यात एक स्पोक तुटला तरी चाक ब्रेकला न घासता घरी पोचवतं. आपल्या जुन्या काळ्या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असायचे, ते उगीच नाही. मागच्या चाकावर भार जास्त आणि वर डबलसीटही तिथेच.

हब आणि रिम यांची भोकं सारखीच हवीत, हे सांगायची गरज नाही असं वाटतं, पण ३२ चा हब आणि ३६ ची रिम घेऊन येणारे दर महिन्याला दिसतात.

स्पोक जाड घेतले म्हणजे चाक मजबूत, बरोबर ना?

हा सगळ्यात पक्का गैरसमज. स्पोक ओढून तुटत नाही, थकून तुटतो. चाक फिरताना खाली आलेल्या स्पोकाचा ताण कमी होतो, वर गेला की पुन्हा वाढतो. एका किलोमीटरमध्ये हे साडेचारशेच्या वर वेळा घडतं. सैल-ताठ, सैल-ताठ होऊन शेवटी हबजवळच्या बेंडवर तडा जातो.

मधे बारीक केलेला स्पोक, म्हणजे दोन्ही टोकांना २.० मिमी आणि मधे १.८ मिमी, ताणाखाली जास्त लांबतो. त्यामुळे खड्ड्यातून जाताना तो पूर्ण सैल पडत नाही आणि धक्का आजूबाजूच्या स्पोकांत वाटला जातो. बारीक असूनही तो सरळ २.० च्या स्पोकापेक्षा जास्त टिकतो. डीटी स्विसचा कॉम्पिटिशन आणि सापिमचा रेस हे याच मापाचे. वजन १०० किलोच्या वर असेल किंवा मागे मुलाची सीट लावणार असाल, तर मागे उजवीकडे बेंडला २.३ मिमी असलेले स्पोक घ्या.

स्टेनलेसच घ्या. चुंबक लावून पारख करू नका. ओढून काढलेलं स्टेनलेस थोडंफार चुंबकाला चिकटतंच, त्यामुळे अस्सल स्पोक नाकारला जातो.

निपल पितळेचे की अ‍ॅल्युमिनियमचे?

पितळेचे. रंगीत अ‍ॅल्युमिनियम निपल छान दिसतात, पण स्टेनलेस स्पोक, अ‍ॅल्युमिनियम आणि खारी हवा एकत्र आली की निपल आतून खाल्ला जातो. मुंबई, रत्नागिरी, पणजी इथे तर दोनेक पावसाळ्यांनंतर आऊट (चाकाचा वाकडेपणा) काढायला पाना लावला की निपलचं डोकंच हातात येतं.

मागचा हब: फ्रीव्हीलचा की कॅसेटचा?

सहा-सात गिअरच्या स्वस्त सायकलींना आट्यांवर फिरवून बसवलेलं फ्रीव्हील असतं. त्यात उजवीकडचे छर्रे हबच्या आत राहतात आणि तिथून ड्रॉपआउटपर्यंत एक्सल आधाराविना बाहेर येतो. खड्डे आणि कॅरिअरचं वजन यांनी तो वाकतो. मागचं चाक काढून एक्सल बोटांनी फिरवून बघा, त्याचं टोक लंगडतंय असं वाटलं तर एक्सल वाकलेला आहे. कॅसेटच्या हबमध्ये (यात दातेरी चकत्यांचा संच हबवर सरकवून बसवतात) उजवं बेअरिंग पार बाहेरच्या टोकाला जातं, म्हणून ही तक्रार जवळजवळ संपते. नवीन बांधताना कॅसेटचाच हब घ्या.

आठ गिअर पुरतात. आठ, नऊ आणि दहा गिअरच्या शिमानो कॅसेट एकाच रुंदीच्या फ्रीहबवर (हबच्या ज्या भागावर कॅसेट बसते तो) बसतात. अकरा गिअरच्या रोड फ्रीहबवर त्या बसवायच्या असतील तर मागे १.८५ मिमीचं वायसर घालावं लागतं. ते विसरलं तर लॉकरिंग (कॅसेट धरून ठेवणारी कडी) पूर्ण आवळूनही कॅसेट खुळखुळते. लॉकरिंग ४० न्यूटन-मीटरला आवळायची.

गिअर हबच्या आत असलेला घेतला तर?

शहरासाठी हा फार चांगला पर्याय, एका अटीवर: तुमच्या गावात तो उघडणारा कोणी असावा. शिमानोच्या आठ गिअरच्या हबमध्ये सगळ्यात हलका आणि सगळ्यात जड गिअर यांत ३०७ टक्क्यांचा पल्ला मिळतो, कात्रजच्या चढापर्यंत जायचं नसेल तर तेवढा पुरतो. सिग्नलला उभं राहूनही गिअर बदलता येतो. शिवाय कॅसेट नसल्यामुळे दोन्ही बाजूंच्या स्पोकांचा ताण जवळपास सारखा राहतो आणि चाक मुळातच मजबूत होतं.

गैरसोय पंक्चर काढताना कळते. केबल सोडवा, १५ मिमीचा पाना लावून दोन नट काढा, एक्सल फिरू नये म्हणून लावलेली खाचेची वायसरं कोणत्या बाजूची कोणती हे लक्षात ठेवा, आणि परत बसवताना साखळीचा ताण जुळवा. नाक्यावरचा पंक्चरवाला हात लावायला नको म्हणतो, ते बरंच. चाक न काढता तिथल्या तिथे पंक्चर काढायची सवय असेल तर अडचण नाही.

या हबचा फ्लँज (स्पोकांची भोकं असलेली कडा) मोठा असतो, भोकांच्या वर्तुळाचा व्यास ९० मिमीच्या वर. त्यामुळे स्पोक दोनच क्रॉसने भरा, म्हणजे प्रत्येक स्पोक दोनच स्पोकांना ओलांडेल असे. तीन क्रॉस केले तर स्पोक रिममध्ये तिरका शिरतो आणि निपलपाशी वाकतो.

सीलबंद बेअरिंग की साधे छर्रे?

पावसात रोज चालवणार आणि वर्षातून एकदाही हब उघडणार नसाल तर सीलबंद. विकत घेण्याआधी बेअरिंगचा नंबर विचारून घ्या. ६०००, ६००१, ६९०२ असे नेहमीचे नंबर असले तर शहरातल्या कोणत्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतात. मागताना दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलं, म्हणजे '२आरएस', असं सांगा.

कप-कोनचा, म्हणजे साध्या छर्‍यांचा, हब स्वस्त असतो आणि काळजी घेतली तर सीलबंदहून जास्त टिकतो. शिमानोच्या हबमध्ये मागे प्रत्येक बाजूला पाव इंची ९ छर्रे आणि पुढे ३/१६ इंची १० छर्रे लागतात. गणपतीनंतर एकदा उघडून ग्रीस बदला. ग्रीस दुधी चहासारखं दिसलं तर पाणी आत गेलंय. क्विक रिलीज असेल तर कोन अगदी पक्का बसवू नका, किंचित खेळ ठेवा. लिव्हर आवळली की एक्सल जरा दाबला जातो आणि तो खेळ संपतो.

डिस्क ब्रेक घेतले तर चाकात काय बदलतं?

रिम झिजत नाही, हा मोठा फायदा. हब डिस्कचा हवा: सहा स्क्रूंचा किंवा सेंटर-लॉक. शहरात १६० मिमीची चकती भरपूर झाली. ब्रेकचा जोर हबमधून स्पोकांवाटे रिमला जातो, म्हणून डिस्कच्या चाकात पुढेही स्पोक क्रॉस केलेलेच हवेत, सरळ बाहेर निघणारे नाहीत. आणि पुढच्या चाकातही चकतीमुळे डावी बाजू जास्त ताठ राहते, त्यामुळे दोन बाजूंना वेगवेगळ्या लांबीचे स्पोक लागू शकतात.

व्हॉल्व्ह कोणता?

मोटारीसारखा जाड, म्हणजे श्रेडर. पेट्रोल पंपावर, गॅरेजमध्ये, पंक्चरवाल्याकडे त्याचंच नोझल असतं. रिमला भोक ८.५ मिमीचं लागतं. बारीक प्रेस्टासाठी ६.५ मिमीचं भोक असतं. प्रेस्टाची रिम घेतलीच असेल तर पितळेचा छोटा अ‍ॅडॅप्टर कायम खिशात ठेवा. वालट्यूबचा जुना व्हॉल्व्हही ८.५ च्या भोकात बसतो, पण त्याचा दाब नेहमीच्या मीटरने मोजता येत नाही.

रिम टेप हा दहा मिनिटांचा विषय आहे, पण पंक्चरांचं मोठं कारणही. जुन्या ट्यूबची पट्टी कापून टेप म्हणून घालायची आपल्याकडे पद्धत आहे. एकेरी भिंतीच्या रिमला ती चालून जायची. दुहेरी भिंतीच्या रिमला आतून ८-९ मिमीची भोकं असतात, ६० पीएसआयला ती पट्टी त्यात खोलगट दबते आणि भोकाच्या धारेवर ट्यूब कापली जाते. पंक्चर ट्यूबच्या आतल्या बाजूला, स्पोकांकडे असेल तर दोष टेपचा. विणलेली कापडी टेप लावा, रिमच्या आतल्या खाचेत काठोकाठ बसणारी.

डायनॅमोचा हब घ्यावा का?

रोज अंधारात जाणं-येणं असेल तर घ्या. ६ व्होल्ट, ३ वॉटचा पुढचा हब दिवा विनाचार्ज चालवतो आणि जुन्या बाटली-डायनॅमोसारखा टायरला घासत नाही. महिन्यातून दोन-चार वेळा रात्र होत असेल तर चार्जिंगचा दिवा पुरे.

स्पोकची लांबी कशी काढायची?

दुकानदार '७०० ला २९२ घ्या' म्हणेल. तेवढ्यावर जाऊ नका, कारण रिमनुसार पाच-सात मिमीचा फरक पडतो.

आधी रिमचा परिणामी व्यास मोजा. दोन जुने स्पोक आट्यांच्या टोकापासून बरोबर २०० मिमीवर कापा. समोरासमोरच्या भोकांतून निपल घालून स्पोक लावा, आट्यांचं टोक निपलच्या खाचेच्या तळाशी येईपर्यंत फिरवा. दोन्ही ओढून धरा आणि मधली फट मोजा. फट २०२ मिमी आली तर व्यास ४०० + २०२ = ६०२. नव्वद अंश फिरवून पुन्हा मोजा आणि सरासरी घ्या.

आता ३६ भोकांचा मागचा हब घ्या, भोकांच्या वर्तुळाचा व्यास ४५ मिमी, मध्यापासून डावा फ्लँज ३४ मिमीवर आणि उजवा २१ मिमीवर. तीन क्रॉसने भरल्यास डावीकडे २९१ मिमी आणि उजवीकडे २९० मिमी येतात. ऑनलाइन कॅल्क्युलेटर हेच गणित करतात, फक्त मापं तुम्ही स्वतः घेतलेली हवीत. चुकायचंच असेल तर एक मिमी कमीच्या बाजूला चुका. लांब स्पोकाचे आटे संपले की निपल पुढे आवळत नाही. निपलचा एक पूर्ण फेरा म्हणजे साधारण ०.४५ मिमी.

याच हबमध्ये पुढची गोष्टही दिसते. डावा फ्लँज लांब असल्यामुळे डावीकडचा ताण उजव्याच्या २१/३४, म्हणजे सुमारे ६२ टक्केच राहतो. उजवीकडे ११० किलो ताण दिला तर डावीकडे ६८. हा दोष नाही, भूमिती आहे. मात्र उजवीकडेच ८० वर सोडून दिलं तर डावीकडे ५० उरतात आणि खड्ड्यात ते पूर्ण सैल पडून निपल आपोआप सुटतात.

चाक बांधणाऱ्याकडून ताब्यात घेताना काय तपासायचं?

उजव्या बाजूचे स्पोक एकेक करून नखाने छेडा. तंबोऱ्याच्या तारांसारखा जवळपास एकच सूर यायला हवा, आणि डावीकडे त्याहून खालचा एक सूर. मधेच एखादा बोदा वाजला तर रिम सरळ दिसत असली तरी ताण असमान आहे. ताणमापक असेल तर उजवीकडे १०० ते १२० किलो, आणि रिमवर कमाल मर्यादा लिहिली असेल तर तिच्या आत.

आऊट अर्ध्या मिमीच्या आत हवा, बाजूला आणि वर-खालीही. नंतर चाक फ्रेममध्ये उलटं बसवून बघा. रिम दोन्ही वेळा मध्यावर यायला हवी.

शेवटचं आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम म्हणजे स्पोक दाबणं. समांतर जाणाऱ्या दोन-दोन स्पोकांच्या जोड्या हातमोजे घालून जोरात आवळायच्या, दोन्ही बाजूंनी सगळ्या. त्याने बेंड फ्लँजवर नीट बसतात. यानंतर चाक आऊट झालं तर पुन्हा सरळ करून पुन्हा दाबायचं. पहिल्याच फेरीत 'टिंग टिंग' आवाज येत असेल तर निपल फिरवताना स्पोक पिळले गेलेत आणि आता उलगडतायत. आट्यांना बांधण्याआधी रंगाच्या दुकानात मिळणारं जवसाचं तेल लावलं तर पीळ कमी पडतो आणि वाळल्यावर निपल सुटतही नाही.

बांधून वर्षही झालं नाही आणि स्पोक तुटतायत. का?

एकच तुटला तर बदला. काही आठवड्यांत तिसरा तुटला की नवा स्पोक घालत बसण्यात अर्थ नाही. बेंडवर तुटत असतील तर ताण कमी आहे किंवा स्पोक दाबले नव्हते. निपलपाशी तुटत असतील तर स्पोक आखूड आहे किंवा निपल तिरका बसतोय. उजवीकडे फ्लँजजवळ एकाच रेषेत ओरखडे असतील तर साखळी कधीतरी कॅसेटच्या मागे पडली होती, मागच्या डिरेलरचा (साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्रणेचा) आतला लिमिट स्क्रू तपासा.

स्टेशनजवळ सायकल लावायची असते. चाक चोरीला जाऊ नये म्हणून?

क्विक रिलीज काढून पाच मिमीच्या अ‍ॅलन-कीने आवळणारे स्क्युअर (हबमधून आरपार जाणारे दांडे) लावा. हब आट्यांच्या सलग एक्सलचा असेल तर १५ मिमीचे नट.

जास्तीचे काय ठेवायचे?

प्रत्येक लांबीचे दोन स्पोक आणि चार निपल. स्पोक मागच्या डाव्या पाटीला खाली टेपने बांधून टाका, लांबी टेपवर पेनाने लिहून. तुमचं चाक दुसऱ्या गावात कोणी उघडलं तर त्याला तेवढं एकच माप लागतं.